शॉक बदलले तरी दणका परत येतोच: स्पोर्ट्स सेडानची राइड सुधारताना काय तपासायचं आणि काय बसवायचं

लक्षण ओळखीचं आहे. रस्त्यातल्या छोट्याशा कडेवरून चाक गेलं की ‘ठक्क’ असा कोरडा दणका सीटमधून थेट पाठीच्या कण्यात जातो. गॅरेजमध्ये सांगतात, शॉक गेलेत. शॉक बदलले की काही आठवडे बरं वाटतं आणि मग तोच दणका परत. मग कोणी स्प्रिंग बदलायला सांगतं, कोणी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा एकत्र संच) सुचवतं. पैसे जात राहतात, पाठ दुखत राहते.

माझ्या सेडानमध्ये हा त्रास दोन वर्षांत तीनदा परतला. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि तिन्ही वेळा मी पार्ट आधी घेतला, कारण नंतर शोधलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं ठाम मत झालंय की आरामदायी राइड सगळ्यात जास्त दोन गोष्टींवर अवलंबून असते: चाकाला वर जायला किती मोकळी जागा आहे, आणि मधले रबराचे भाग आपलं काम मोकळेपणाने करताहेत का. महागडे शॉक त्यानंतर येतात.

आधी दणक्याची जात ओळखा

‘गाडी कडक आहे’ एवढ्या तक्रारीत किमान सहा वेगळे त्रास लपलेले असतात. ते सुटे करायला ओळखीच्या रस्त्याचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा पुरतो. गाणी बंद, काचा वर, गाडीत नेहमीइतकंच वजन. शक्य असेल तर गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. तुम्ही एका फेरीत पुढे बसा, दुसऱ्या फेरीत मागे.

पुलाचा सांधा, डांबराचं ठिगळ, चेंबरचं झाकण अशा छोट्या, धारदार कडांवर गाडी टोचते, पण मोठ्या उंचवट्यावरून व्यवस्थित जाते, असं असेल तर संशय टायर, हवा आणि बुशवर, म्हणजे सांध्यांतल्या रबरी भागांवर. याच्या उलट, छोट्या कडा गिळल्या जातात पण मोठ्या खड्ड्यात शेवटी ‘धाड्’ असा आवाज येतो, तर चाकाची वर जायची जागा संपतेय आणि बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकच्या दांड्यावरच्या शेवटच्या उशीवर, भार येतोय.

ओळीने तीन-चार उंचवटे आले की पहिला बरा जातो, दुसरा वाईट आणि तिसरा सर्वांत वाईट, हे लक्षण फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण ते चुकवतात. इथे शॉकचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग पुन्हा उघडताना होणारा विरोध, गरजेपेक्षा जास्त असतो. पहिल्या उंचवट्यानंतर स्प्रिंग पुरती उघडायच्या आत दुसरा येतो. प्रत्येक वेळी गाडी थोडी खाली बसत जाते आणि उरलेली जागा कमी होते. उलट, एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली झुलत राहिली तर शॉकमध्ये दम उरलेला नाही.

दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढवली तर ठीक, पण एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की डोकं एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे फेकलं जातं, तर अँटी-रोल बारकडे बघा. हा बार दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं तर मात्र पिळला जातो आणि तो धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो.

आणि सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला थरथर येत असेल, तर ती बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगची किंवा वाकलेल्या रिमची असते. त्यासाठी सस्पेन्शन उघडू नका.

पहिली फेरी: हवा

माझ्या पहिल्या फेरीत पुढचे दोन्ही शॉक खरोखर थकले होते. तेल ओघळत होतं. बदलल्यावर तीन आठवडे गाडी सुरेख चालली, मग एका सकाळी पुन्हा तोच कोरडा दणका. नवे शॉकच खराब निघाले असं धरून मी वर्कशॉपशी वाद घातला. खरं कारण होतं हवा. शॉक बदलताना त्यांनी दारालगतच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ३३ पीएसआय भरली होती, आणि मधल्या काळात दुसरीकडे भरताना ती ४० झाली होती.

टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि तिचा कडकपणा हवेवर ठरतो. पट्टीवर सहसा दोन आकडे असतात: एक नेहमीच्या वजनाचा, एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. एकटे किंवा दोघे जात असाल तर पहिला आकडा धरा. हवा थंड टायरमध्ये मोजा, कारण तापमान १० अंश सेल्सिअस वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि चालवून गरम झालेल्या टायरमधला आकडा फसवा असतो. आराम मिळावा म्हणून पट्टीच्या आकड्याखाली मात्र कधीच जाऊ नका. खड्ड्यात रिम वाकते आणि टायर आतून तापतो.

हवा ठीक असेल तर टायरकडे या. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि छोट्या कडांवर तेच टोचतं.

मग आकार. २२५/४५ आर १७ टायरची साइडवॉल सुमारे १०१ मिमी असते, २२५/४० आर १८ ची ९० मिमी आणि २३५/३५ आर १९ ची ८२ मिमी. सतरा इंचांवरून एकोणीस इंचांवर गेल्यावर हवेच्या उशीची जवळजवळ पाचवा भाग उंची जाते, शिवाय मोठं चाक बहुधा जडही असतं. जड चाक खड्ड्यातून वर फेकलं गेलं की त्याला आवरायला शॉकची जास्त ताकद खर्च होते. आरामासाठी एकच बदल परवडणार असेल तर मी एक इंच लहान रिम आणि चांगला टूरिंग टायर निवडेन, हे कोणत्याही शॉकच्या आधी. मात्र स्पोर्ट्स सेडानचे ब्रेक मोठे असतात. लहान रिम कॅलिपरवर घासत नाही ना, हे रिकामं चाक बसवून, हाताने फिरवून पाहा. टायरचा बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळ ठेवा आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी घेऊ नका.

रन-फ्लॅट टायरबद्दल दोन शब्द. पंक्चर झाल्यावर सहसा ८० किमी प्रतितास वेगाच्या मर्यादेत ८० किमीपर्यंत जाता यावं म्हणून त्यांची साइडवॉल मुद्दाम जाड आणि ताठ केलेली असते. तो ताठपणा प्रत्येक कडेवर जाणवतो. साधे टायर लावल्यावर कितीतरी गाड्यांची तक्रार तिथेच मिटते. पण अशा गाडीत स्टेपनीची जागाच नसते, त्यामुळे पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर सोबत ठेवायची तयारी हवी.

दुसरी फेरी: चाकाला जागाच उरली नव्हती

हवा नीट केल्यावर गाडी सुधारली, पण मोठ्या खड्ड्यांवर समाधान नव्हतं. दिसायलाही गाडी थोडी खाली असावी अशी इच्छा होती. एकाने सांगितलं की चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग बसवल्या तर गाडी ३० मिमी खाली बसेल आणि आराम तसाच राहील. गुळगुळीत रस्त्यावर ते खरं ठरलं. खराब रस्त्यावर मात्र मागे बसणाऱ्यांनी माझ्या गाडीत बसणं सोडलं.

तेव्हा पहिल्यांदा मी मोजमाप केलं. गाडी चाकांवर उभी असताना शॉकच्या नळीच्या वरच्या कडेपासून बंप स्टॉपच्या खालच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजायचं. पुढच्या शॉकवर जुन्या स्प्रिंगसोबत ते ४५ मिमी होतं. नव्या स्प्रिंगसोबत उरलं १५.

आता याचा हिशेब मांडू. उंचवट्याने चाकाला दिलेली ऊर्जा स्प्रिंगने दबून साठवायची असते, आणि ती साठवण दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच ऊर्जा ४५ मिमीऐवजी १५ मिमीत साठवायची तर स्प्रिंग नऊपट कडक हवी. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोडीच कडक असते. मग उरलेलं काम बंप स्टॉपवर पडतं. म्हणजे स्प्रिंग फार कडक झाली म्हणून गाडी आपटते असं जे मला वाटत होतं, ते खरं नव्हतं. उरलेल्या जागेच्या मानाने ती मऊच होती, आणि दणका बंप स्टॉपचा होता.

मऊपणाला जागा लागते. गाडी खाली आणि राइड मऊ, या दोन इच्छा एकमेकींची जागा खातात. कोणी कितीही खात्री दिली तरी हे गणित बदलत नाही.

चालताना किती जागा वापरली जाते हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. शॉकचा दांडा पुसून घ्या, धूळ अडवणारं रबरी आवरण वर सरकवा, आणि दांड्याभोवती प्लास्टिकचा छोटा केबल टाय बांधून खाली नळीला टेकवा. तो हाताने सरकेल इतपतच घट्ट असावा. नेहमीच्या रस्त्यावरून फिरून या. शॉक जितका दबेल तितका नळीचा माथा टायला वर ढकलेल आणि टाय तिथेच राहील. परतल्यावर सपाट जागी नळीपासून टायपर्यंतचं अंतर म्हणजे वापरलेली जागा. टाय बंप स्टॉपमध्ये रुतलेला दिसला, तर उत्तर मिळालं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉक आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेली रचना) दांडा आणि चाक जवळपास सारखंच सरकतात. मागच्या मल्टीलिंकमध्ये (चाक अनेक दांड्यांनी धरलेली रचना) शॉक बहुतेक चाकापेक्षा कमी सरकतो, म्हणून तिथले २० मिमी चाकाच्या हिशेबात थोडे जास्त धरा.

बंप स्टॉपला शॉक टेकणं हा स्वतःहून दोष नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांत पॉलियुरेथेन फोमचा बंप स्टॉप दुसऱ्या स्प्रिंगसारखा मुद्दाम वापरलेला असतो आणि तो हळूहळू कडक होत जातो. प्रश्न येतो तो पूर्ण दाबला गेला किंवा झिजून त्याचा चुरा झाला की. आवरणात पिवळसर भुगा सापडला तर तो आधी बदला. शॉक नवे घालताना जुने बंप स्टॉप आणि जुने टॉप माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला जोडणारे भाग) परत बसवणं ही खोटी बचत आहे. आणि जागा वाढावी म्हणून बंप स्टॉप कापू नका. स्प्रिंग बनवणाऱ्याने तुमच्या मॉडेलसाठी नेमकं किती कापायचं हे लेखी दिलं असेल तरच ते करा. नाहीतर शॉक आतून धातूवर धातू आदळून फुटतो.

मी मूळ उंचीच्या स्प्रिंग परत लावल्या. दिसण्याचं दुःख आठवडाभर राहिलं.

तिसरी फेरी: बुश लटकत्या गाडीत आवळले

मूळ स्प्रिंग, चांगले शॉक, योग्य हवा. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पुढचा भाग झालाही. मागून मात्र पहिल्या दिवसापासून बारीक चुळबुळ होती, आणि काही महिन्यांनी तिचं ‘टक-टक’ झालं. तपासल्यावर मागच्या आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे) दोन बुश फाटलेले निघाले. बुश फार जुने नव्हते. ते आवळायची पद्धत चुकली होती.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात एकही नवा पार्ट लागत नाही आणि तरी कितीतरी गाड्यांची राइड यामुळेच बिघडलेली असते. सस्पेन्शनच्या आर्ममधले बहुतेक रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसच्या बाजूला पक्की होते, आणि आर्म हलला की रबर पिळलं जातं. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत आवळला, ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लटकत असतात. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले आणि मग गाडी खाली उतरवली, तर उभ्या गाडीतही रबर कायम पिळलेलं राहतं. प्रत्येक बुश एक छोटी, नको असलेली स्प्रिंग बनतो. गाडी काही मिलिमीटर उंच बसते, छोट्या कडांवर अडखळते, आणि रबर ज्या बाजूला आधीच ताणलेलं आहे तिथूनच फाटतं.

बरोबर पद्धत अशी. गाडी उचलण्याआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. काम झाल्यावर बोल्ट हातापुरते घट्ट ठेवा. मग चाकं टेकवून, किंवा आर्मखाली जॅक लावून ते अंतर पुन्हा आणून, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळणं करा. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे नवे घ्या. आणि गाडीची उंची बदलली असेल, वर किंवा खाली, तर सगळे बुश-बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावेच लागतात. कॉइलओव्हर बसवणाऱ्यांपैकी फार थोडे हे करतात. वर्कशॉपला काम देतानाच शांतपणे विचारा, ‘बोल्ट कुठल्या उंचीला आवळणार?’ उत्तरावरून माणूस कळतो.

तुमच्या गाडीवर नुकतंच काम झालं असेल आणि तेव्हापासून ती अडखळत असेल, तर हा इलाज आधी करून पाहा. खर्च फक्त तासाभराच्या मजुरीचा.

बुश बदलायचेच असतील तर आरामासाठी मूळ प्रकारचं रबर घ्या. पॉलियुरेथेनचे बुश स्टिअरिंग अचूक करतात, पण रस्त्याची खरखर आत आणतात. पुढच्या मोठ्या आर्मचे काही बुश तेल भरलेले असतात. ते फुटले की काळपट तेलाचा ओघळ दिसतो, आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. स्ट्रटचे टॉप माउंट, स्प्रिंगखालचे रबरी पॅड आणि अँटी-रोल बारच्या लिंक याच वेळी पाहून घ्या. पॅड हरवलेला असला तर फक्त आवाज वाढतो, पण आवाज वाढला की मन त्यालाच कडकपणा समजतं.

शॉक निवडताना

आता पार्टकडे वळायला हरकत नाही. जुना शॉक खरंच गेला आहे का, हे बॉनेट दाबून कळत नाही. त्या चाचणीत फक्त पूर्ण मेलेले शॉक पकडले जातात. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून लगेच चारही शॉकच्या नळ्यांजवळ हात नेऊन पाहा, जपून, कारण त्या तापलेल्या असतात. शॉक हालचालीचं रूपांतर उष्णतेत करतो. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल तर गारवाला काम करत नाहीये. नळीवर तेलाचा हलका ओलसर थर चालतो, ओघळ चालत नाही. बदलताना जोडीनेच बदला.

प्रकारांबद्दल बोलायचं तर ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक साधारणपणे छोट्या हालचालींना सहज वाट देतो. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) गॅसचा दाब बराच जास्त असतो, ताबा चांगला असतो, उष्णता लवकर बाहेर पडते. पण सीलचं घर्षण आणि गॅसचा रेटा यामुळे अगदी छोट्या कडांवर तो थोडा ताठ वाटू शकतो. म्हणून ‘महाग म्हणजे आरामदायी’ हे समीकरण इथे लागू होत नाही.

शॉक बनवणाऱ्या बिल्स्टाइनचं उदाहरण घ्या. बी४ ही मूळ शॉकच्या जागी बसणारी मालिका. बी६ मूळ उंचीसाठी पण जास्त ताबा देणारी. बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेली. आराम हवा म्हणून बी६ घेणारे बरेच जण निराश होतात, कारण तो शॉक मुळात ताब्यासाठी बनवलाय. आणि मूळ उंचीच्या गाडीत बी८ घालू नये. आरामाच्या दिशेने विचार केलेला पर्याय म्हणजे कोनीचे स्पेशल ॲक्टिव्ह. त्यात हालचालीच्या वेगवान लयीला तेलासाठी जादा वाट मोकळी राहते आणि गाडीच्या संथ डोलण्याला ती बंद होते. हीच कल्पना आधी एफएसडी नावाने होती. मूळ उंची ठेवून स्पोर्ट्स सेडान मऊ करायची असेल तर अशा स्वभावाचा शॉक हा मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो. माझ्या गाडीत शेवटी याच प्रकारचे शॉक आहेत.

कॉइलओव्हर घ्यायचेच असतील तर उंची कशी बदलते हे आधी विचारा. ज्यात फक्त स्प्रिंगची वाटी खाली-वर होते, त्यात गाडी खाली केली की शॉकची दबायची जागा तितकीच जाते. ज्यात खालचा ब्रॅकेटही वेगळा फिरवता येतो, त्यात शॉकची जागा टिकते, पण मग टायर मडगार्डला लागतो का ते बघावं लागतं. वरचा माउंट रबराचा असावा. धातूच्या गोळीवर फिरणारा माउंट ट्रॅकला शोभतो, रोजच्या गाडीत तो प्रत्येक खडा ऐकवतो.

समायोजनाचे क्लिक असतील तर नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून तिथून मोजा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ आकड्यावर सुरुवात करा. एका वेळी एकाच ॲक्सलवर, दोन्ही बाजूंना सारखे, दोनच क्लिक, आणि तोच रस्ता त्याच वेगाने. ओळीतला तिसरा उंचवटा सर्वांत वाईट लागत असेल तर रिबाउंड कमी करा. कमी करत जाऊन गाडी झुलायला लागली की एक-दोन क्लिक परत या. वहीत लिहून ठेवा, तीन दिवसांनी काहीच आठवत नाही.

गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर ते सहज काढू नका. साधे शॉक लावल्यावर डॅशबोर्डवर इशारा येतो आणि त्यासाठी वेगळं मॉड्यूल किंवा कोडिंग लागतं. कित्येकदा खराबी शॉकची नसून उंची मोजणाऱ्या सेन्सरची किंवा वायरची असते, आणि सिस्टिम एकाच मोडवर अडकलेली असते. आधी स्कॅनर लावा.

स्प्रिंग आणि बार

स्प्रिंगबद्दल एक आकडेमोड पुरे. समजा एका कोपऱ्यावर ४०० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा दर मिलिमीटरला ३२ न्यूटन. तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा वरखाली व्हायला बघतो, म्हणजे १.४ हर्ट्झ. कडकपणा दुप्पट केला तर २ हर्ट्झ. उभं कंपन माणसाच्या शरीराला साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत कमी सहन होतं, आणि स्प्रिंग जितकी कडक तितकं त्या पट्ट्यातलं जास्त काही सीटपर्यंत पोचतं. पण फार मऊ करूनही भागत नाही. एक हर्ट्झच्या बरीच खालची संथ हालचाल मळमळ आणते.

दुसरं म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचं नातं. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मॉरिस ऑली यांनी दाखवलं की मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवली तर गाडीचं नाक-शेपूट डोलणं लवकर शमतं. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागची उशिरा सुरुवात करून पुढच्यांना गाठतात. म्हणून फक्त पुढच्या स्प्रिंग कडक केल्या तर गाडी घोड्यासारखी मागेपुढे झुलते. स्प्रिंग बदलायच्या तर चारही, एकाच बनवणाऱ्याने जुळवलेल्या, आणि तुमच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वजनासाठीच्या.

जाड अँटी-रोल बार लोक आरामाचा सोपा मार्ग म्हणून सुचवतात: स्प्रिंग मऊ ठेवा, बार जाड करा. गुळगुळीत रस्त्यावर ते चालतं. खड्डे एका बाजूला असतील तर डोकं हलत राहतं. मी मूळ बार ठेवला.

काम झाल्यावर

उंची बदलली किंवा स्ट्रट काढला की अलाइनमेंट करावीच लागते, आणि हेडलाइटची पातळीही तपासा. समोरच्या काचेवर कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवायचा का, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. उंचीतल्या बदलांबाबत तुमच्याकडचे नियम आणि विम्याच्या अटीही आधी वाचून घ्या.

नवे शॉक पहिले काही शे किलोमीटर किंचित ताठ लागतात, सील बसायला वेळ घेतात. हजार किलोमीटरनंतर चारही चाकांची उंची पुन्हा मोजा आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. डावी-उजवीत फरक दिसला तर बुशचे बोल्ट पुन्हा तपासा.

माझ्या पुढच्या डाव्या शॉकवर तो केबल टाय अजून आहे. दर सर्व्हिसला मी तो नळीपर्यंत खाली सरकवते आणि महिनाभराने बघते. गेल्या वेळी तो ३८ मिमीवर थांबला होता, बंप स्टॉपच्या ७ मिमी खाली.